सुकेसादाची सही आणि हिरवा कागद: ही जपानी तलवार घ्यावी का?

पाटीपेन्सिल
जपानमधल्या एका विक्रेत्याकडे एक कताना बघून ठेवली आहे. साध्या लाकडी म्यानात (शिरासाया) आहे, मूठ-परजेचा साज नाही. सही 'बिशू ओसाफुने सुकेसादा', मागच्या बाजूला 'एइशो ७, आठवा महिना', म्हणजे इ.स. १५१०. सोबत १९७४ सालचा हिरवा कागद, म्हणजे तज्ज्ञ संस्थेचा तपासणी-दाखला, 'तोकुबेत्सु किचो'. सुकेसादाच्या मानाने किंमत बरीच कमी आहे. मराठा हत्यारांतलं थोडंफार कळतं, जपानीतलं वाचनापुरतंच. सही खरी की खोटी हे फोटोवरून कसं ठरवायचं?

गंजपुराण
सही शेवटी बघायची. आधी पात्याचा घाट, मग पोलादाची वीण (हादा), मग हामोन, म्हणजे पाणी चढलेली धार आणि मऊ अंग यांमधली सीमारेषा. या तिन्हींवरून काळ आणि प्रांत मनाशी ठरवायचा आणि मगच नाकागो, म्हणजे मुठीत जाणारा न उजळलेला भाग, बघायचा. सही त्या अंदाजाशी जुळली तर ठीक. आधी सही वाचली की डोळे तिला पुरावे शोधत बसतात.

आता सुकेसादा. हे एका माणसाचं नाव नाही. बिझेन प्रांतातल्या (आजच्या ओकायामाचा भाग) ओसाफुने गावात या नावाने सही करणारे डझनावारी लोहार होऊन गेले. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या लढायांसाठी तिथून ढिगाने माल निघाला. त्याला 'काझुउचिमोनो' म्हणतात, म्हणजे घाऊक माल. त्यावर साधारणपणे 'बिशू ओसाफुने सुकेसादा' एवढंच असतं. नाव सांगून करवून घेतलेल्या कामावर बहुधा 'बिझेन नो कुनी जू ओसाफुने' अशी लांब सुरुवात आणि पुढे लोहाराचं स्वतःचं नाव येतं, उदा. योसोझाएमोन नो जो सुकेसादा. दोन्ही अस्सल असले तरी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे तुमची सही खरी निघाली तरी ती घाऊक मालाची सही आहे, हे धरून चला.

मापं द्या: नागासा (टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत), सोरी (बाक), पात्याची रुंदी बुडाशी आणि टोकाशी, जाडी, नाकागोची लांबी, भोकं किती.

नागोयाकर
आणि तोरोकुशोचा फोटो मागवा. जपानात १५ सेंमीवरच्या प्रत्येक पात्याला नोंदणीपत्र लागतं. ते त्या त्या प्रीफेक्चरचं शिक्षण मंडळ देतं, मालक बदलला की वीस दिवसांत कळवावं लागतं. त्यावर नोंदणी क्रमांक, प्रकार, लांबी, बाक, भोकांची संख्या आणि सही असते. तोरोकुशो म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. खोटी सही असली तरी कारकून ती जशी दिसते तशीच उतरवतो. पण ताडून बघायला याहून चांगला कागद नाही.

हिरव्या कागदाबद्दल. निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था १९४८ साली स्थापन झाली, तिचं तलवारींचं संग्रहालय आता तोक्योत र्‍योगोकूला आहे. पांढरा किचो आणि हिरवा तोकुबेत्सु किचो हे तिचे जुने कागद १९८२मध्ये बंद झाले. त्याजागी होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो या चढत्या पायर्‍या आल्या. हिरव्या कागदांच्या काळातल्या काही तपासण्यांवर इतका धुरळा उडाला की मोठ्या नावाला हिरवा कागद असेल तर बाजार पहिला प्रश्न विचारतो: चाळीस-पन्नास वर्षांत कुणीच नवा कागद का करून घेतला नाही? बहुतेकदा नेऊन बघितलेलं असतं आणि खोटी सही म्हणून परत आलेलं असतं. नकाराचा कागद मिळत नाही, त्यामुळे विक्रेता हिरवाच पुढे करतो.

लोखंडी_पंत
मराठा हत्यारांकडून येणार्‍यांसाठी आधीच सांगून ठेवतो, कारण इथेच हात भाजतात.

आपल्या तलवारीचं शेपूट मुठीत लाख ओतून बसवलेलं असतं. ते कुणी बघत नाही, बघायला काही नसतंही. जपानी पातं बांबूच्या एका खुंटीवर (मेकुगी) बसतं. खुंटी काढली की मूठ सुटते, आणि सगळी कुंडली त्या गंजक्या तुकड्यावर असते: गंजाचा रंग, कानशीचे ओरखडे, छिन्नीचे घाव, भोकं. तो तुकडा कधीही साफ करायचा नाही. ना ब्रासो, ना चिंच, ना रॉकेल. पाचशे वर्षांचा गंज घासून काढलात की सही खरी असली तरी ते सिद्ध करायला काही उरत नाही.

दुसरं म्हणजे जौहर, पोलादावरची पाण्यासारखी नक्षी. फौलादी पात्यावर जौहर उठवायला आपल्याकडे आम्ल लावतात. जपानी पात्यावर तोच प्रयोग केलात तर पॉलिश गेलं. तिथली वीण आणि हामोन दगडांच्या मालिकेने वर आणतात. शेवटच्या दगडांचे नखाएवढे पातळ तुकडे कागदावर चिकटवून अंगठ्याने फिरवतात. हे काम आपल्या शिकलगाराचं नाही, त्याच्याकडे ते दगडही नाहीत.

बारा_मावळ
वाचनखूण साठवली. पंत, खुंटी काढायची रीत पण सांगा. लोक सरळ हातोडी घेतात.

लोखंडी_पंत
खुंटी निमुळती असते, बारीक टोकाकडूनच ढकलायची. पितळी किंवा लाकडी दांडी वापरा, लोखंडी खिळा नको. मग डाव्या हातात मूठ, पातं उभं, किंचित तिरपं, धार आपल्यापासून लांब. उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर हलके ठोके द्यायचे. दोन-चार ठोक्यांत पातं एक बोटभर वर सरकतं. मग पाठीकडून धरून उचला. सरकलं नाही तर थांबा. दमट हवेत लाकूड फुगून आवळलेलं असतं, कोकणात पावसाळ्यात तर हमखास. ओढाताण केली की मूठ उभी चिरते.

निळीशाई
फोटोंबद्दल. विक्रेत्यांचे चकचकीत फोटो निरुपयोगी असतात. हे मागा: नाकागो दोन्ही बाजूंनी पूर्ण, तेल पुसून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको. सहीचं प्रत्येक अक्षर जवळून, तिरप्या उजेडात. हाबाकी (बुडाशी बसवलेली तांब्याची पट्टी) काढून खाचांची जागा. टोक दोन्ही बाजूंनी. आणि पूर्ण पातं काटकोनात, पट्टी शेजारी ठेवून.

हामोनसाठी वेगळी युक्ती. अंधार्‍या खोलीत एकच उघडा बल्ब, पातं डोळ्यांच्या रेषेत धरून बल्बचं प्रतिबिंब हामोनवरून सरकवत न्यायचं. खर्‍या हामोनच्या काठावर धुकं (निओई) किंवा वेगवेगळे चमकणारे कण (निए) दिसतात. हे कडक पोलादाचे स्फटिक आहेत, वरून रंगवता येत नाहीत. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेला हामोन कुठल्याही कोनातून सारखाच पांढरा दिसतो, कण नाहीत, खोली नाही. पॉलिश करणाराही बर्‍याचदा बोटाखालच्या दगडाने हामोनवर पांढरी छटा देतो (हादोरी). ती छटा म्हणजे हामोन समजू नका. खरी रेघ तिच्या आत, थोडी वेगळी चालते.

पाटीपेन्सिल
धन्यवाद सगळ्यांना. फोटो आणि मापं आली:

नागासा ६९.१ सेंमी, बाक १.० सेंमी. रुंदी बुडाशी ३.०, टोकाशी २.०. जाडी खाचेच्या वर ६.४ मिमी, खाचेच्या खाली नाकागोवर ६.८. नाकागो २०.५ सेंमी, भोक एकच. कानशीचे ओरखडे खाली तिरके, पण खाचेजवळ दोनेक सेंमीच्या पट्ट्यात वेगळ्या दिशांचे नक्षीसारखे ओरखडे. हामोन बुडापासून चार-पाच सेंमी सरळ, मग मोठ्या लाटा. टोक वर, सही आपल्याकडे धरली तर धार डावीकडे येते.

तोरोकुशो मागितला तर म्हणतो, मालकाची खासगी माहिती असल्याने पैसे भरल्यावरच पाठवू.

नागोयाकर
तोरोकुशोवर मालकाचं नाव नसतंच! पुन्हा मागा.

गंजपुराण
पाटीपेन्सिल, मापांनीच निकाल लावला आहे.

१५१०च्या आसपासची ओसाफुनेची कताना एका हाताने चालवायची असे. पातं आखूड, साधारण ६० ते ६४ सेंमी, बाक टोकाकडे झुकलेला, आणि नाकागो तर मुठीत मावेल इतका आखूड. तुमचं पातं ६९ सेंमी, जवळजवळ सरळ, टोकाकडे झपाट्याने निमुळतं, आणि नाकागो वीतभर. हा घाट सतराव्या शतकातल्या कानबुन काळाचा (१६६१-७३), पाठ्यपुस्तकात छापावा असा. बुडाशी सरळ आणि मग लाटा, त्याला याकिदाशी म्हणतात, तीही त्याच काळातल्या, मुख्यतः ओसाकाकडच्या लोहारांची लकब. खाचेजवळच्या नक्षीदार कानशीला केशो-यासुरी म्हणतात. ती एइशो काळात नव्हती, एदो काळात (१६०३-१८६८) आली.

धार डावीकडे म्हणजे कताना-मेई. कंबरेला खोचल्यावर सही बाहेरच्या बाजूला येते. उजवीकडे असती तर ताची-मेई. एइशोच्या सुकेसादावर कताना-मेईच अपेक्षित आहे, तेवढं खोटं करणार्‍याला माहीत होतं.

शिवाय सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीच्या पुराने ओसाफुनेचे बहुतेक लोहार बुडाले. एदो काळात तिथे काम चालू राहिलं ते मुख्यतः सुकेसादा घराण्याचंच. म्हणून कुणी म्हणेल की हा नंतरचा सुकेसादा असेल. असू शकला असता, पण मग तो १५१० सालची तारीख का घालेल?

लोखंडी_पंत
सहमत. आणि जाडी बघा, नाकागो ६.८, पातं ६.४. नाकागोला पॉलिश लागत नाही, त्यामुळे ती मूळ जाडी. पाचशे वर्षांत फक्त ०.४ मिमी झिजलेलं, लढायांतून गेलेलं घाऊक पातं? असं पातं पुन्हा पुन्हा घासून दमलेलं असतं. जाडीत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक, धारेची खाच जवळपास नाहीशी, कुठे कुठे आतलं मऊ लोखंड उघडं. व्हर्नियर तीनशे रुपयांचा येतो, त्याने जेवढं कळतं तेवढं शंभर फोटोंनी कळत नाही.

निळीशाई
सहीचे फोटो मोठे करून पाहिले. 'सादा'च्या अक्षरात घावांच्या तळाशी गंज फिका, तांबूस आहे, आणि आजूबाजूचा नाकागो गडद चॉकलेटी. छिन्नीने पोलाद खणलं की घावाच्या काठाला बारीक बांध उठतो. शतकं गेली की बांध आणि तळ दोन्हींवर एकच जुना गंज बसतो, काठ बोथट होतात. इथे काठ बोटाला लागतील असे वाटतात. गंजाचा रंगही नंतर एकसारखा करायचा प्रयत्न झालेला दिसतो, पुठ्ठ्यासारखा सपाट तपकिरी.

बारा_मावळ
सही खोटी, पण पातं खरं जुनं ना? मग तेवढी किंमत देऊन घ्यायला काय हरकत? आणि एक उपप्रश्न: फौजी घरांत १९४५च्या ब्रह्मदेशाच्या लढाईतून आणलेल्या जपानी तलवारी असतात. त्यांचं काय?

नागोयाकर
आधी उपप्रश्न. तिथल्या बहुतेक 'गुंतो', म्हणजे लष्करी तलवारी. १९३५च्या नमुन्याची (मॉडेल ९५) मूठ अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, वर दोरी गुंडाळल्यासारखं रंगवलेलं, पात्यावर क्रमांक ठोकलेला. ती कारखान्यातली. याच नमुन्याच्या चिनी नकला बाजारात ढिगाने आहेत. अधिकार्‍यांच्या तलवारींत (मॉडेल ९४ आणि ९८) मात्र खुंटी काढून बघायलाच हवी. नाकागोवर 'शोवा' किंवा 'सेकी'चा छोटा शिक्का असेल तर पारंपरिक पद्धतीने न घडवलेलं, बहुतेक तेलात पाणी दिलेलं पातं. चांदणीचा शिक्का असेल तर लष्कराने नेमलेल्या लोहाराचं, तामाहागाने या पारंपरिक पोलादाचं, पाण्यात बुडवलेलं. आणि क्वचित कुणा अधिकार्‍याने घरातलं जुनं पातं लष्करी साजात बसवलेलं असतं. नाकागोवर पांढर्‍या-लाल रंगाने लिहिलेले आकडे दिसले तर तेही पुसू नका, ते जोडणीचे क्रमांक असतात.

लोखंडी_पंत
'पातं जुनं आहे, मग घेऊ' याला माझी हरकत नाही, पण आधी मारक दोष तपासा. हागिरे सगळ्यात वाईट: धारेपासून वर, काटकोनात जाणारी केसाएवढी चीर. कडक धार वाकली किंवा आपटली की पडते. दहापट भिंगाने, तिरप्या उजेडात, पूर्ण धार इंचाइंचाने बघायची. एक सापडली की संपलं, पॉलिशने जात नाही. टोकातला हामोन (बोशी) पूर्ण दिसायला हवा. टोक तुटून नव्याने घडवलं असेल तर तो कापला जातो आणि धार नुसती मऊ राहते. फुगे (फुकुरे) आणि त्यावर बसवलेली लोखंडाची ठिगळं (उमेगाने) बाधक, पण मारक नाहीत.

दुसर्‍यांदा पाणी दिलेलं पातं (साइहा) हा वेगळा प्रकार. आगीत पाणी उतरलेल्या पात्याला पुन्हा पाणी देतात. खूण म्हणजे खाचेपासून तिरपी वर जाणारी पांढुरकी सावली, मिझुकागे. पण एवढ्यावर घाईने शिक्का मारू नका, होरिकावा कुनिहिरो या लोहाराच्या अस्सल पहिल्या पाण्याच्या पात्यांवरही ती दिसते. उलट १६१५मध्ये ओसाकाच्या किल्ल्यात जळालेल्या नामांकित तलवारींना तोकुगावा राज्यकर्त्यांसाठी यासुत्सुगू या लोहाराने पुन्हा पाणी दिलं, आणि त्या आजही मानाने जपल्या आहेत. इतिहास असेल तर दोषही माफ. आपल्या किमतीच्या मालाला ती सवलत नाही.

सातबारा
कुणी कायद्याचं बोललं नाही. शस्त्र अधिनियम १९५९मध्ये तलवार 'शस्त्र' आहे. आयातीला कलम १०खाली परवाना लागतो. कलम ४ आणि २५ खाली तलवार बाळगल्याचे गुन्हे आपल्याकडे पेपरात रोज असतात. 'अँटिक आहे' हे उत्तर कस्टम्सच्या टेबलावर चालत नाही. पैसे पाठवण्याआधी जिल्हा शस्त्र शाखेकडून आणि कस्टम्सकडून लेखी घ्या. उलट दिशेनेही अडचण आहे: भारतात असलेली शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवायला १९७२च्या पुरावशेष कायद्याची आडकाठी. पॉलिशला जपानला पाठवू म्हणाल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

पाटीपेन्सिल
तोरोकुशो आला. तारीख १९७७. लांबी ६९.१, बाक १.०, भोक १. सहीच्या रकान्यात 'मुमेई' असं काहीतरी दिसतंय. हे लोहाराचं नाव का?

नागोयाकर
मुमेई म्हणजे विनासही!

आणि हिरव्या कागदावर लांबी काय लिहिलीय?

पाटीपेन्सिल
२ शाकू १ सुन २ बू.

नागोयाकर
एक शाकू ३०.३ सेंमी, त्याचा दहावा भाग सुन, सुनचा दहावा बू. म्हणजे ६४.२. पातं ६९.१. तलवार खालून कापून आखूड करता येते, लांब करता येत नाही. कागद दुसर्‍याच तलवारीचा आहे, बहुधा एखाद्या खर्‍या सुकेसादाचा, ज्याची तलवार आणि कागद कधीतरी वेगळे झाले. १९७७मध्ये या पात्यावर सही नव्हती, मग १९७४च्या कागदाने ती पाहिली कशी? सही नंतर, कागदाला जुळेल अशी कोरली.

निळीशाई
म्हणून घावांचा तळ तांबूस. पन्नास वर्षांच्या आतला गंज आहे.

बारा_मावळ
बापरे. पण पुन्हा तेच विचारतो: विनासही, कानबुन काळातली, ठणठणीत कताना म्हणून घेतली तर?

गंजपुराण
आत्ता आहे तशी नाही. तोरोकुशो आणि पातं जुळत नाही, त्यामुळे आधी शिक्षण मंडळाकडे फेरतपासणी करून नोंद दुरुस्त व्हावी लागेल. त्याशिवाय सांस्कृतिक खात्याकडून निर्यातीचा दाखला निघताना घोळ होणार. आणि क्योकाईकडे न्याल तर खोट्या सहीवर होझोन मिळत नाही. ती सही एखाद्या कुशल माणसाकडून काढून टाकायची आणि मग मुमेई म्हणून पुन्हा न्यायची, हा रिवाज आहे. पण काढलेल्या जागेचा गंज वेगळा पडतो आणि पात्याच्या किमतीत ते कायमचं दिसतं.

लोखंडी_पंत
सही घाईने काढण्याच्याही विरोधात आहे मी. खर्‍या सह्या 'खोट्या' म्हणून घासल्या गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. इथे मात्र तोरोकुशोच साक्षीला आहे, त्यामुळे प्रश्न नाही. करायचं असेल तर ते विक्रेत्याने करावं, नोंद दुरुस्त करावी, नवा होझोन काढावा आणि मग बोलावं.

पाटीपेन्सिल
विक्रेत्याला दोन्ही कागदांच्या लांबीतला फरक लिहून विचारला. जाहिरात तासाभरात काढून टाकली.

नागोयाकर
नोंदणी क्रमांक आणि नाकागोचे फोटो जपून ठेवा. आठवड्याभरात दुसर्‍या नावाने वर येईल, कदाचित कागदाशिवाय.